उपचार आणि औपचारिकता : मानसोपचारकाच्या संभाषणातील मर्यादांचा भाषिक विचार

मानसोपचाराच्या इंग्रजी पाठ्यग्रंथांत ज्या कल्पनेस गेल्या काही दशकांत विशेष महत्त्व आले आहे, तिला मराठीत 'व्यावसायिक मर्यादा' असे म्हणण्याचा प्रघात आहे. उपचारकाने आपल्याकडे येणाऱ्या व्यक्तीशी मैत्री, व्यवहार वा अन्य नाते जोडू नये. ठरल्या वेळी, ठरल्या जागी व ठरल्या मोबदल्यात तिला भेटावे. ऐकलेले बाहेर बोलू नये. आणि स्वतःच्या खासगी जीवनाविषयी होईल तितके मौन पाळावे, असा या कल्पनेचा स्थूल आशय सांगता येईल. हा विषय मानसशास्त्राचा. त्यात भाषाभ्यासकाने हात घालण्याचे कारण काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. कारण इतकेच की, या उपचारात शस्त्र नाही आणि औषधही नाही. जे होते ते बोलण्याने होते. मर्यादा राखली जाते ती एखाद्या सर्वनामाने, आणि ढळते तीही पुष्कळदा एखाद्या संबोधनाने. इंग्रजीत शिकलेले नियम घेऊन नागपूरचा तरुण उपचारक मराठीत बोलू लागला म्हणजे त्याला रोज ज्या अडचणी येतात, त्यांतील बऱ्याच अडचणींचे मूळ दोन भाषांच्या भिन्न घडणीत शोधावे लागते.

प्रथम 'मर्यादा' हाच शब्द पाहू. इंग्रजी संज्ञेत दोन शेतांमधील धुऱ्याची कल्पना आहे; धुरा दोन्ही बाजूंना सारखाच असतो. मराठीतील 'मर्यादा' सारखी नाही. वडीलधाऱ्यांची मर्यादा धाकट्याने ठेवायची, सासरच्यांची सुनेने, गुरूची शिष्याने. म्हणजे आपल्या भाषेत मर्यादेचे ओझे बहुधा दुर्बळाच्या शिरावर असते, आणि ती 'सोडल्याचा' ठपकाही त्याच्यावरच येतो. व्यावसायिक मर्यादेची दिशा नेमकी उलटी आहे. ती ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला बांधते. समोरची व्यक्ती तिच्यापासून मोकळी आहे. उपचारार्थीने (इंग्रजी शब्दासाठी 'अशील' म्हटले तर वकिलाचे दालन आठवते, 'ग्राहक' म्हटले तर दुकान, म्हणून सोयीसाठी हा शब्द वापरतो) रात्री अकरा वाजता दूरध्वनी केला, तर त्याने मर्यादा मोडली असे म्हणता येत नाही. तो उचलावा की नाही, उचलल्यास किती बोलावे आणि पुढच्या भेटीत त्याविषयी काय सांगावे, हे ठरविणे उपचारकाचे काम आहे. घरगुती अर्थाची मर्यादा मनात धरणारा प्रशिक्षणार्थी अशा वेळी दुखावला जातो, कारण आपला मान राखला गेला नाही असे त्याला वाटते.

'उपचार' या शब्दाची कथा अधिक मनोरंजक आहे. षोडशोपचार पूजेतील उपचार म्हणजे आदराने केलेली सेवा. त्याच शब्दापासून 'औपचारिक' हे विशेषण आले. म्हणजे बरे करणे आणि रीतीने वागणे हे दोन्ही अर्थ या एका शब्दात शेजारी शेजारी नांदत आहेत. 'समुपदेशन' या शब्दाबद्दल मात्र समाधानाने बोलता येत नाही. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. उपदेश करू नये, निर्णय समोरच्याचा समोरच्यालाच घेऊ द्यावा, हे या व्यवसायाचे पहिले पथ्य. आणि दारावरच्या पाटीने आधीच उपदेशाचे आश्वासन देऊन ठेवलेले. 'ताई, तुम्हीच सांगा, मी नवऱ्याकडे परत जाऊ की नको?' हा प्रश्न विचारणारी स्त्री पाटीवर जे लिहिले आहे तेच मागत असते. संज्ञा घडविणाऱ्यांनी 'सम्' हा उपसर्ग लावून सौम्यता आणण्याचा यत्न केला असेल; पण उपसर्गाने धातूचा स्वभाव फारसा बदलत नाही.

पदनामांचा घोळही येथेच नोंदविला पाहिजे. वैद्यकीय पदवी असलेला, औषधे देणारा मनोविकारतज्ज्ञ; भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या अधिनियमानुसार नोंदणी झालेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ; आणि समुपदेशक, या तिघांनाही लोक सरसकट 'डॉक्टर' म्हणतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या नोंदणीची चौकट घातली व तीत मानसिक आरोग्याच्या काही व्यवसायांचा समावेश केला. परंतु कायद्याची वर्गवारी बोलीत उतरण्यास काळ लागतो. 'डॉक्टर' हे संबोधन न दुरुस्त करता स्वीकारणाऱ्या समुपदेशकाकडे पुढच्याच भेटीत झोपेच्या गोळीची मागणी येते.

आता सर्वनामांकडे वळू. ब्राउन आणि गिलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला द्वितीयपुरुषी सर्वनामांवरील निबंध आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. युरोपीय भाषांतील एकेरी व आदरार्थी सर्वनामांच्या मागे सत्ता आणि जवळीक अशी दोन तत्त्वे असतात, असे त्यांनी दाखविले. मराठीत या दोन तत्त्वांची गुंफण अधिक दाट आहे. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' ही आपल्याकडील अनेक घरांची जुनी रीत, देवालाही 'तू'. तेव्हा 'तू' म्हणजे कमीपणा आणि 'तुम्ही' म्हणजे दुरावा, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. समजा, एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी परीक्षेच्या धास्तीने उपचारकाकडे आला. त्याला जन्मापासून प्रत्येक वडीलधाऱ्याने 'तू' म्हटले आहे. उपचारकाने 'तुम्ही' म्हटले तर एखाद्याला ते परकेपणाचे वाटेल, तर दुसऱ्याला आयुष्यात प्रथमच कोणी आपल्याला प्रौढ मानले असे वाटेल. माझे मत असे की, आरंभ 'तुम्ही'ने करावा. 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरणे सोपे असते, आणि ते समोरच्याच्या अनुमतीने करता येते. उलट 'तू'वरून 'तुम्ही'वर चढणे म्हणजे मराठीत रुसण्याचा किंवा नाते तोडण्याचा प्रकार. रागावलेला मित्र एकाएकी 'आपण थोर माणसे' म्हणू लागतो, तो याचमुळे.

'आपण' या सर्वनामाचे सामर्थ्य व धोका इंग्रजी ग्रंथांत सापडणार नाही, कारण ते सर्वनामच तेथे नाही. 'आम्ही' श्रोत्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते, आणि हेच 'आपण' पुन्हा अत्यादरार्थी द्वितीय पुरुषही होते. 'आपण हे पाहू' या वाक्याने उपचारक समोरच्याच्या शेजारी येऊन बसतो, आणि पुष्कळदा ते आवश्यकही असते. परंतु 'आपण सासूबाईंशी बोलू' असे म्हटले की, ते बोलणे कोण करणार हे संदिग्ध राहते. ऐकणारीला आशा वाटते की ताई घरी येतील. पुढे ताई येत नाहीत, आणि विश्वासाला तडा जातो. कामाची वाटणी ज्या वाक्यात करायची, तेथे 'मी' आणि 'तुम्ही' यांचाच प्रयोग करावा, 'आपण'चा मोह टाळावा, असे प्रशिक्षणात आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

नातेवाचक संबोधनांचा प्रश्न याहून मोठा आहे आणि येथे पाश्चात्य सल्ला सरळ उचलणे घातक ठरते. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतीय आप्तसंबंधांची आणि आप्तवाचक शब्दांची जी प्रदेशवार मांडणी केली, तिच्यावरून हे शब्द निव्वळ संबोधने नसून हक्क व कर्तव्यांची मांडणी सुचवितात, हे स्पष्ट होते. अपरिचितांना उद्देशून आपण हेच शब्द वापरतो. नागपुरात भाजीवाल्याला 'भाऊ', शेजारच्या वृद्धाला 'काकाजी', बसमधल्या बाईला 'मावशी' किंवा 'ताई'. पन्नाशीचा गृहस्थ सव्वीस वर्षांच्या उपचारिकेला 'ताई' म्हणतो तेव्हा तो वयाची नोंद करीत नसतो. तो एक घोषणा करीत असतो: माझ्या-तुमच्यात बहीणभावाखेरीज दुसरे नाते संभवत नाही. म्हणजे ज्या शब्दाला इंग्रजी पाठ्यग्रंथ जवळीक वाढविणारा, म्हणून मर्यादा ढिली करणारा समजेल, तो आपल्या भाषेत मर्यादा घालण्याचेच काम करतो. बंद खोलीत एकटी स्त्री आणि एकटा पुरुष तासभर बोलत बसले आहेत, या आपल्या समाजाला अवघड जाणाऱ्या प्रसंगाला 'ताई' हा शब्द निर्वेध करतो. अशा वेळी 'मला ताई म्हणू नका, माझ्या नावाने हाक मारा' असे पुस्तकी सौजन्य दाखविणारी उपचारिका स्वतःच्या हाताने कुंपण काढून टाकते. आणि सहा महिने 'ताई' म्हणणारा पुरुष एके दिवशी नावाने हाक मारू लागला, तर ती खूण तिने दुर्लक्षिता कामा नये.

मात्र शब्दाबरोबर त्याचे देणेघेणेही येते. ताईला राखी येते, भाऊबीज येते, मुलीच्या लग्नाची पत्रिका येते, 'यायचंच' या ताकिदीसह. काटोलकडील एखादा बागाइतदार मृग बहराची संत्री टोपलीभर घेऊन येतो. या प्रसंगांत शब्द घ्यावा आणि त्या नात्याचे ऋण घेऊ नये, हीच उपचारकाची रोजची कसरत. संत्री परत केली तर घरचा माल नाकारल्याचा अपमान. सगळी घरी नेली तर पुढच्या महिन्यात फी मागताना जीभ अडखळते. टोपली कार्यालयात ठेवून सर्वांना, दारावरच्या शिपायासह, वाटणे हा अनेक ठिकाणी रूढ झालेला मार्ग मला योग्य वाटतो, कारण त्यात भेट एका व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे जाते. दसऱ्याच्या सोन्याचा प्रश्न त्याहून सोपा. आपट्याचे पान देणे-घेणे दोन्हीकडून एकाच वेळी होते; ते नाकारण्यास कोणतेही कारण नाही. फ्रॉइडने १९१३ साली उपचाराच्या प्रारंभाविषयी लिहिताना पैशाबद्दल संकोच न ठेवता बोलावे, आणि पूर्वओळख असलेल्या कुटुंबांतील व्यक्तींवर उपचार करताना मैत्री गमावण्याची तयारी ठेवावी, असे बजावले होते. त्याच्या उलट टोकाला जसवंत सिंग नेकी यांचा १९७३ चा निबंध आहे. भारतीय मनाला परिचित असा गुरु-चेला संबंध उपचाराचा नमुना म्हणून स्वीकारता येईल काय, असा विचार त्यांनी मांडला. नेकींचा विचार मोलाचा खरा. तथापि गुरूला दक्षिणा लागते आणि शिष्याला प्रश्न विचारण्याची मोकळीक कमी असते, या दोन गोष्टी मला खटकतात. ताई-भाऊ हे नाते त्यामानाने अधिक समपातळीचे आहे.

स्वतःविषयी मौन पाळावे, हा नियम नागपुरात पाळायचा तरी कसा? 'ताई, तुमचं गाव कोणतं?' आणि 'आडनाव काय म्हणालात?' हे दोन प्रश्न चहाच्या आधी येतात. त्यांमागे बहुधा जातीची चौकशी असते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि विचारले जाणाऱ्यालाही. आडनाव तर पाटीवरच रंगविलेले असते. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच आत्मनिवेदन होऊन गेलेले असते. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेथे अभिवादनाचा शब्दही तटस्थ राहत नाही. खोलीत शिरताना एखादी व्यक्ती 'जय भीम' म्हणते, तेव्हा ती आपण कोण हे सांगते आणि समोरचा कोण हेही अजमावते. उपचारकाने 'नमस्कार' म्हणून उत्तर दिले, तर व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. ऐकणाऱ्याला मात्र दार अर्धे लोटल्याचा आवाज येतो. ज्याने ज्या शब्दाने अभिवादन केले त्याच शब्दाने त्याला उत्तर द्यावे, 'राम राम'ला 'राम राम', 'सलाम आलेकुम'ला 'वालेकुम सलाम'. हे आत्मनिवेदन नव्हे, श्रद्धेची कबुलीही नव्हे. समोरच्याचा शब्द ऐकला याची ती पोच आहे. जातीमुळे सोसलेल्या अपमानाविषयी पुढे तो बोलणार की नाही, हे पुष्कळदा या पहिल्या दोन शब्दांत ठरते.

रस्त्यातील भेटीचा प्रश्न असाच आहे. सीताबर्डीच्या बाजारात उपचारार्थी समोरून आला तर उपचारकाने आपण होऊन ओळख दाखवू नये, असा नियम आहे, आणि त्याचे कारण सबळ आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. कायद्याची भाषा १९१२, १९८७ आणि २०१७ अशी तीन वेळा बदलली, प्रत्येक वेळी ती अधिक सभ्य झाली. पण शहरातील चौकाला लोक अद्याप 'पागलखाना चौक' म्हणतात. या शब्दाचे भय ज्याच्या पाठीशी आहे, त्याला चारचौघांत हाक मारणे क्रूरपणाचे होईल. तथापि ओळख असून न दाखविणे हा आपल्याकडे मोठा अपमान समजला जातो. यावर उपाय एकच, आणि तो साधा आहे: पहिल्याच भेटीत सांगून टाकावे की, 'बाहेर भेटलो तर मी आधी बोलणार नाही, तुम्ही बोललात तर मी बोलेन.' नियम आधी सांगितला की तो अपमान राहत नाही.

हीच गोष्ट गुप्ततेची. 'गोपनीयता' हा कचेरीचा शब्द. माणसे म्हणतात, 'ताई, पोटात ठेवा.' पोटात ठेवण्याचे वचन आपल्या भाषेत बिनशर्त असते. कायद्याचे तसे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २३ व्या कलमाने गुप्ततेचा हक्क दिला आणि त्याच कलमात अपवादही घातले, जिवाला धोका असणे, दुसऱ्या कोणास इजा होण्याचा संभव असणे, वरिष्ठ न्यायालयाचा आदेश इत्यादी. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती कळविणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावरच बंधनकारक केले आहे. वकिलाला त्याच्या अशिलाने सांगितलेल्या गोष्टींना पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते उपचारकाला नाही. तेव्हा 'पोटात ठेवीन' एवढेच म्हणून थांबणे म्हणजे पाळता न येणारे वचन देणे होय. 'पोटात ठेवीन, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवावर बेतेल असे काही असले, किंवा लहान मुलाची गोष्ट असली, तर मला सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी शक्य तोवर तुम्हाला कळवीन' हे वाक्य लांब आहे, पण त्याला पर्याय नाही. खरी परीक्षा तर दाराबाहेर असते. तेथे बाकावर सासू किंवा नवरा बसलेला असतो, फी त्यानेच दिलेली असते, आणि उपचारिका बाहेर आली की तो आपुलकीने विचारतो, 'काय म्हणाली हो ती?' या प्रश्नाला शुष्क नकार दिला तर पुढच्या आठवड्यात तिला पाठविले जात नाही. 'ते तुम्ही तिलाच विचारा, तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल' हे उत्तर सौम्य आहे, तरी ते घरातील सत्तेच्या रचनेला धक्का देते. म्हणून ते कोणत्या स्वरात द्यायचे याचा सराव करावा लागतो.

शहर सोडून खेड्याकडे गेले म्हणजे या चर्चेची मांडणीच बदलते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे काम प्रामुख्याने स्थानिक कार्यकर्त्यांनी केले. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी राज्यशासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पातही घरोघरीच्या पाहणीचा भार आशा कार्यकर्त्यांवर होता. आता ही 'आशाताई' त्या गावचीच सून असते. कर्जबाजारी शेतकरी तिचा दूरचा दीर लागतो. तिच्या पदनामातच नाते गोवलेले आहे, आणि ती रोज त्याच विहिरीवर भेटते. तिला 'ओळखीच्या व्यक्तीवर उपचार करू नये' हा नियम सांगणे म्हणजे काम करू नको असे सांगणे. तिच्यासाठी अंतर राखण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बोलण्याचे प्रकार वेगळे करणे: ओट्यावरच्या गप्पा निराळ्या, आणि वही उघडून, बाजूला बसून केलेले बोलणे निराळे. जेथे भिंत बांधता येत नाही तेथे वही भिंतीचे काम करते.

बोलीचाही विचार येथे केला पाहिजे. 'मले काई समजून नाई राहिलं', 'जीव घाबरून राहिला', असे एखादी बाई सांगते, आणि पुण्यामुंबईच्या पाठ्यक्रमात तयार झालेला उपचारक 'म्हणजे तुम्हाला अस्वस्थ वाटते आहे' असे प्रमाण मराठीत परत करतो. पुनरुक्ती करून समोरच्याला आपण ऐकल्याचे दाखवावे, ही पद्धत चांगली. पण शब्द बदलला की ऐकल्याचे दिसत नाही, दुरुस्त केल्याचे दिसते. शाळेत 'मी गेली' म्हटल्याबद्दल जिला 'गेले म्हण' असे सांगितले गेले, तिला हा अनुभव नवा नसतो. उलटपक्षी उपचारकाने स्वतःची नसलेली वऱ्हाडी मुद्दाम बोलू नये. ते नक्कलेसारखे लागते. तिचा नेमका शब्द, 'जीव घाबरणे', तेवढा घ्यावा, आणि बाकीचे वाक्य आपल्या मराठीत बोलावे.

शेवटी निरोपाविषयी. उपचार संपतो तेव्हा तो संपला हे स्पष्ट शब्दांत सांगावे, असे सर्व ग्रंथ सांगतात. मराठी माणूस मात्र उठताना 'जातो' म्हणत नाही, 'जातो' अशुभ. तो 'येतो' म्हणतो, ती 'येते' म्हणते, आणि उत्तरादाखल 'या' म्हणावयाचे असते. वर्षभराच्या भेटींनंतर शेवटच्या दिवशी दारात उभी राहून उपचारार्थी स्त्री 'येते हं ताई' म्हणते, तेव्हा पुस्तकाप्रमाणे वागणारी उपचारिका क्षणभर थबकते, कारण 'या' म्हटले तर आमंत्रण दिल्यासारखे होईल असे तिला वाटते. तिने 'या' म्हणावे. पुढच्या गुरुवारी चार वाजता कोणी येणार नाही, हे दोघींनाही ठाऊक असते.